ना हरकत

१

कोर्टात एकतीस वर्षं टायपिंग केल्यावर माझ्या हातून दुसरं काही होण्यासारखं नव्हतं, म्हणून मैदान बचाव समितीनं मला चिटणीस केलं. अध्यक्ष मास्तर. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारे, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, एकटा जीव. ते भाषणं करायचे आणि मी कामं करायचे.

काम म्हणजे हरकती गोळा करणं. रोज साडेदहाला फाइल काखेत मारून मी जिना उतरायचे, तीन-चार घरं करायचे आणि एकच्या आत परत यायचे. मैदान मोठं म्हणावं असं नाही. चारी बाजूंनी गल्ल्या, गल्ल्यांना लागून छप्पन्न घरं, मध्ये गवत, एक नळ, दोन बाकं. तिथं सात मजली इमारत उभी राहणार अशी नोटीस नळाच्या खांबावर चिकटली आणि आमच्या गल्लीत पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं. हरकतीचा फॉर्म मीच बनवला. त्यात चार रकाने होते: कुटुंबप्रमुख, घर क्रमांक, हरकतीचं कारण आणि चौथा, घरात राहणाऱ्या व्यक्ती. किती माणसांची हवा जाणार आहे ते सुनावणी घेणाऱ्या साहेबांना एका बेरजेत दिसावं, ही माझी कल्पना. मास्तरांनी ती भाषणात आपली म्हणून खपवली.

खरं सांगायचं तर मी हे गल्लीसाठी करत नव्हते. ताईसाठी करत होते. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. माझ्यापायी तिनं लग्न केलं नाही असं लोक म्हणायचे. ती म्हणायची, कोणी विचारलंच नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांनी संप केला आणि दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं बंद झालं. तेव्हापासून खिडकीशी एक खुर्ची, बाजूला काठी आणि समोर मैदान, एवढाच तिचा संसार. ती इमारत झाली असती तर खिडकीबाहेर हात लांब केल्यावर भिंत लागली असती. मग ताईनं दिवसभर बघायचं काय, हा माझ्यापुरता सगळा प्रश्न होता.

गल्लीनं माझं नाव हरकतबाई ठेवलं होतं. ताईला त्याची फार मजा वाटे.

"दिवसभर हरकती गोळा करतेस आणि तोंडात काय, तर सारखं 'हरकत नाही'," ती म्हणायची. "दूध उशिरा आलं, हरकत नाही. बटण तुटलं, हरकत नाही. धाकटे, तू फितूर आहेस गं."

सोमवारी बिल्डरचं मशीन आलं. मातीची तपासणी करायची म्हणून मैदानाच्या मधोमध वीतभर रुंदीचं भोक पाडायला त्यांनी सुरुवात केली. तीन दिवस खिडकीची तावदानं थरथरत होती. बुधवारी दुपारी मशीन एकाएकी थांबलं, आणि ताई म्हणाली, सुटले बाई एकदाची.

२

गुरुवारी मी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेले. बाहेर दुकान, आत दोन खोल्या. त्यानं फॉर्म भरूनच ठेवला होता. मी उभ्या उभ्या वाचला आणि चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"पाच? तुम्ही चौघं ना?"

"चौघंच की."

"मग पाच का लिहिलंत?"

"पाच लिहिलेत?" त्यानं चष्मा वर केला. "थांबा, मोजतो. मी, ही, थोरली, धाकटा..." त्याचं पाचवं बोट उघडलं आणि तसंच हवेत राहिलं. तो आठवत होता. म्हणजे आठवण्यासारखं काहीतरी आहे असा त्याचा चेहरा होता.

आतून त्याची बायको ओरडली, "पाच बरोबर आहे हो! किती घोळ घालता!" ही बाई ओरडल्याशिवाय बोलत नसे. मग तीच पडदा सारून बाहेर आली आणि नवऱ्याच्या उघड्या बोटाकडे बघत राहिली. "अगंबाई, चारच की," ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आलेला मी पहिल्यांदा ऐकला.

आम्ही तिघंही हसलो. मी पर्समधला व्हाइटनर काढला, पाचावर लावला, फुंकर घातली आणि चार लिहिलं.

घरी येऊन मी पूर्ण गठ्ठा काढला. मैदानालगतच्या घरांचे फॉर्म शेवटी ठेवले होते, ते बहुतेकांनी बुधवार संध्याकाळनंतर स्वतःच आणून दिले होते. आपल्या गल्लीतली माणसं मला तोंडपाठ आहेत. शिंप्याचा धरून अकरा फॉर्मवर आकडा एकनं जास्त होता. अकराच्या अकरा घरं मैदानाला अगदी लागून असलेली. लोक जोर दाखवायला आकडे फुगवतात, हे मी कोर्टात आयुष्यभर पाहिलं होतं. पण फुगवणारा माणूस एकानं कशाला फुगवेल? मी उरलेल्या दहा ठिकाणी व्हाइटनर लावला आणि त्यावर फार विचार केला नाही.

३

त्या अकरांत मास्तर होते. एकट्या माणसानं दोन लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन त्यांचं दार वाजवलं.

"हळू," दार उघडत ते म्हणाले.

"का? कोण झोपलंय?"

ते गोंधळले. "कोणी नाही. या ना."

मास्तरांची खोली म्हणजे चौकोनी डबा. एक पलंग, एक टेबल, भिंतीवर विद्यार्थ्यांची चित्रं. मास्तर पलंगाच्या कडेवर बसले. इतकं कडेवर, की पडतात की काय असं वाटावं. मागे अख्खा पलंग रिकामा. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला.

"परवा दुपारी कोणीतरी आलं होतं," शेवटी ते म्हणाले. "मशीन थांबलं ना, त्यानंतर. मी पेपर वाचत होतो. दारातून आवाज आला, 'आत येऊ का?' फार अदबीनं. हल्ली कोण विचारतं असं? बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी म्हटलं, हरकत नाही."

मला हसूच फुटलं. "अध्यक्षच 'हरकत नाही' म्हणायला लागले तर मग झालंच! कोण होतं?"

"बघितलं नाही मी. पेपर होता ना तोंडासमोर."

"मग गेलं कधी?"

मास्तरांनी फॉर्म उलटा करून पाहिला. बाहेर नळ ठिबकत होता. त्या आवाजाखाली आणखी एक आवाज असल्यासारखा मला वाटला, कोणीतरी सावकाश श्वास घेतल्यासारखा. मास्तरांना दम्याचा त्रास आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

"गेलं असेलच की," मास्तर म्हणाले. "नाही तर दिसलं नसतं का?"

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही.

४

माझं डोकं कोर्टात घडलेलं. मी उरलेल्या दहा घरी जाऊन विचारलं आणि दहाही घरांत तेच निघालं. बुधवारी दुपारी दारातून कोणीतरी अदबीनं विचारलं, आत येऊ का. कोणी भाजी निवडत होतं, कोणी फोनवर होतं, शिंपी सुईत दोरा ओवत होता. सगळ्यांच्या तोंडून मान वर न करता तेच दोन शब्द गेले होते. आणि आलेला माणूस कोणीच पाहिला नव्हता.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बिल्डर! त्याला काय हवं असतं? ना हरकत. लेखी मिळत नाही म्हटल्यावर त्यानं माणसं पाठवून तोंडी घ्यायला सुरुवात केली असणार, आणि खिशात रेकॉर्डर ठेवून उद्या तो सुनावणीत ऐकवणार, की हे बघा साहेब, लोक स्वतःच म्हणताहेत. मला इतका राग आला की मी चपला उलट्या घालून मैदानात गेले.

बिल्डरचा माणूस भोकाशेजारी एकटाच उभा होता. उन्हातान्हात टाय घालून फिरतो म्हणून आम्ही त्याला टायवाला म्हणायचो. मी त्याला धारेवर धरलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुमच्या दारात पाठवायला माझ्याकडे माणूस तर हवा. बुधवारी दुपारपासून मशीनवाले कामावर आलेले नाहीत."

"का?"

"विचारलं तर सांगत नाहीत. फोनच उचलत नाहीत." त्यानं पायाजवळच्या पत्र्याकडे बोट केलं. भोकावर पत्रा होता. त्यावर ठेवलेल्या विटा गवतात एका बाजूला नीट एकावर एक रचून ठेवल्या होत्या. "हे तुमच्यापैकी कोण करतं तेवढं सांगा. रोज संध्याकाळी मी विटा ठेवून जातो."

तो खोटं बोलत असेल, अशी माझी फार इच्छा होती. त्याच दिवशी मी चारी गल्ल्यांत हातानं लिहिलेली सूचना लावली. दारात कोणी काहीही विचारल्यास 'हरकत नाही' असे म्हणू नये. आधी माणूस पाहावा. लोक वाचून खो खो हसले. ताईला तर मी शपथच घातली.

"मी कशाला म्हणतेय?" ताई म्हणाली. "माझी तर प्रत्येक गोष्टीला हरकत असते."

५

हरकती दाखल करायचा शेवटचा दिवस सोमवार. त्या दुपारी मी आतल्या खोलीत एकत्रित निवेदन टाइप करत होते. बारा मुद्दे होते. नववा मुद्दा माझा खास, त्यावर माझा फार जीव होता: सदर जागेत कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही खोलीपर्यंत खणण्यास कायमची मनाई करण्यात यावी. बिल्डरला मागच्या दारानं यायला फटच ठेवायची नाही, असा विचार.

ताई बाहेरच्या खोलीत खिडकीशी होती. दोन खोल्यांमधलं दार उघडं होतं. माझी बोटं चालली होती, नजर कागदावर. चार वाजता पोचायचं होतं, तीन वाजत आले होते, प्रिंटरमध्ये कागद अडकत होता. मी टायपिंगला बसले की माझे कान बंद होतात, तोंड तेवढं आपलं आपण चालू राहतं. कोर्टात शिपाई येऊन काय काय विचारून जायचा आणि मी न ऐकता उत्तरं द्यायचे.

"ताई एकट्याच बसल्यात," जिन्याकडच्या दारातून कोणीतरी म्हणालं. बाईचा आवाज की पुरुषाचा, आता सांगता येणार नाही. अदब मात्र होती. "जरा सोबत बसू का?"

"हरकत नाही," मी म्हणाले.

ओळ संपवली. पुढच्या ओळीचे तीन शब्द टाइप केले. मग माझी बोटं थांबली.

मी धावत बाहेर आले. दाराला आतून कडी होती. सकाळी मीच लावली होती. ताई खिडकीशी बसली होती आणि माझ्याकडे नवलानं पाहत होती.

"कोण आलं होतं गं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही."

"मग हरकत नाही कोणाला म्हणालीस?"

मी पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, मोरीत पाहिलं. साठी उलटलेली बाई घरात चोर शोधत फिरतेय म्हणून ताई हसत होती. मग तिचं हसणं थांबलं. मी वळले तेव्हा ती खुर्ची दोन बोटं बाजूला सरकवायचा प्रयत्न करत होती.

"काय करतेस?"

"काही नाही," ताई म्हणाली. "जरा दाटी झाल्यासारखी वाटतेय."

मी निवेदन वेळेत पोचवलं. तशी मी कामाची पक्की आहे.

६

पुढचे आठ दिवस आमच्या घरात आम्ही तिघं होतो. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते, पण दुसरं कसं लिहू?

काही दिसलं नाही. दिसलं असतं तर बरं झालं असतं. खिडकीशी ताईची खुर्ची रोज थोडी भिंतीकडे सरकलेली असायची. मी मोरीत असताना ताई कोणाला तरी हळूच म्हणायची, "सरका की जरा, मला दिसत नाही." मी बाहेर आले की गप्प. एकदा मी तिघांची पानं वाढली आणि बसेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही. मीच घातलेल्या अंथरुणावर रोज सकाळी मी पार कडेला आलेली असायचे. इतकं सगळं होऊनही मी हवेला, वयाला, दगदगीला दोष देत होते. डॉक्टरांकडून झोपेच्या गोळ्यासुद्धा आणल्या.

एका दुपारी ताई म्हणाली, "धाकटे, माझी जागा जातेय गं."

"इमारत होऊ देणार नाही मी. काळजी करू नकोस."

"ती नव्हे," ताई म्हणाली. आणि मग पहिल्यांदाच मला तिच्या डोळ्यांत भीती दिसली. आई गेली तेव्हाही मी ती पाहिली नव्हती. मी तिचा हात हातात घेतला. तो एवढासा झाला होता. मी तिला म्हणायला हवं होतं की चूक माझी आहे, मी म्हणाले होते ते दोन शब्द. मी म्हणाले, "चहा करू का?"

७

नवव्या दिवशी साहेबांच्या कार्यालयातून फॉर्म परत आले. अकरा आकड्यांवर खाडाखोड असल्यानं सर्व घरांची पुन्हा खातरजमा करून आणावी, असा शेरा होता. माझाच व्हाइटनर मला नडला.

मी साडेदहाला निघाले. शिंप्याकडे गेले. तो दुकानाच्या दारात उभा होता.

"किती जण घरात?"

"चार," तो लगेच म्हणाला. बोटं मोजली नाहीत की आठवायला थांबला नाही. माझ्या छातीवरचा दगड उतरला. बरोबर! चारच तर होते! गेलं, जे काय होतं ते गेलं.

"बायको कुठेय?" मी सहज विचारलं. दुकानात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

पडदा सरकला आणि ती बाहेर आली. हसली. "या ना," ती हळू, गोड आवाजात म्हणाली. मग माझ्याकडे बघत, दोन्ही हात पोटाशी धरून तिनं विचारलं, "मी आत जाऊ का?"

स्वतःच्या घरात जायला ती मला विचारत होती. मागे शिंपी त्याच्या मशीनशेजारी उभा होता. मशीनची खुर्ची रिकामी होती आणि तो त्या खुर्चीकडे पाहत होता, मी काही म्हणेन म्हणून. मी काहीच म्हणाले नाही. दोघंही जागचे हलले नाहीत.

मी पळतच मास्तरांचं दार गाठलं. चौथ्या रकान्यात त्यांनी एक लिहिलं. अक्षर मास्तरांचंच, वळणदार.

"बसू का मी?" मास्तर म्हणाले. पलंग त्यांच्या मागे होता.

मी दोन जिने कसे चढले ते मला आठवत नाही. कुलूप उघडताना किल्ली दोनदा पडली. मनात एकच चाललं होतं: आम्ही तिघं असू दे. देवा, घरात आम्ही तिघं असू दे.

खुर्ची खिडकीशी होती, पहिल्या जागी, नीट. काठी भिंतीला टेकवलेली. ताई खुर्चीशेजारी उभी होती. दोन्ही पायांवर, ताठ, काठीशिवाय. दोन वर्षांत मी तिला अशी उभी पाहिली नव्हती. तिनं माझ्याकडे वळून गोड हसून पाहिलं.

"धाकटे," ती म्हणाली, "बसू का?"

ताईनं जन्मात कोणाला काही विचारून केलं नव्हतं. मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि ती समोर उभी राहिली. दुपार गेली. मैदानातली मुलं घरी गेली. ऊन खिडकीतून खाली उतरून फरशीवर आलं आणि नाहीसं झालं, तरी ती उभीच. शेवटी मी मान हलवली. इतका वेळ उभं राहून ताईचे गुडघे दुखत असतील, असं मला वाटलं. माझी सवयच ती.

ती बसली. मी फॉर्म काढला आणि चौथ्या रकान्यात दोन लिहिलं.

८

उरलेली घरं मी पुढच्या दोन दिवसांत केली आणि प्रत्येक दारात मला कोणीतरी गोड आवाजात काहीतरी विचारलं. सुनावणी मोठ्या हॉलमध्ये होती. छप्पन्न घरांतली माणसं आली होती आणि एवढ्या माणसांत खुर्ची ओढल्याचा आवाज नव्हता. साहेबांनी "बसा" म्हटल्यावर सगळे एकदम बसले. टायवाल्यानं एकदा मागे वळून पाहिलं आणि मग पुन्हा पाहिलं नाही.

साहेबांनी बारा मुद्दे वाचले. आकडे जुळत होते. असं व्यवस्थित निवेदन आपण वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कोणाला आणखी काही सांगायचंय?"

मी उभी राहिले. "साहेब, मला माझी हरकत मागे घ्यायची आहे."

"कारण?"

बारा मुद्दे लिहिणाऱ्या बाईकडे एक कारण नव्हतं. जिच्यासाठी ही हरकत घेतली त्या माझ्या बहिणीच्या जागी कोणीतरी दुसरं बसलंय, हे सांगू? आदल्या रात्री मी तिला विचारलं होतं, आई तुला काय हाक मारायची. ती गोड हसून म्हणाली होती, "तू सांगशील का?" हे सांगू? साहेब घड्याळ पाहत होते. गल्लीतली सगळी माणसं माझ्याकडे वळली होती. कोणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझं बोलणं संपायची ती वाट पाहत होती.

मी खाली बसले.

आदेश तिथल्या तिथे वाचला गेला. बांधकाम नामंजूर. बिल्डरनं पाडलेलं भोक सिमेंटनं कायमचं बुजवावं. नववा मुद्दा जसाच्या तसा मंजूर.

९

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सिमेंटचं मिक्सर मैदानात आलं. टायवाल्यानं दुसरीकडून चार माणसं आणली होती. सगळी गल्ली गवतात येऊन उभी राहिली. ताई जिना उतरून आली होती, माझ्या आधी.

भोकावरचा पत्रा काढला. मी जवळ गेले. कशासाठी ते मलाही ठाऊक नव्हतं; आमची लढाई जिथून सुरू झाली ते एकदा पाहावं, एवढंच मनात होतं. वीतभर रुंद, काळं, त्यातून गारवा येत होता. मी गुडघ्यांवर बसले, मग आडवी झाले आणि कान लावला.

आधी काहीच नाही. मग फार खालून, भिंतीपलीकडून यावं तसं भांडण ऐकू आलं. एक बाई ओरडत होती, "किती घोळ घालता हो! पाय घ्या माझ्यावरचा!" कोणीतरी दम्यासारखं खोकत होतं. कोणीतरी मोजत होतं आणि पुन्हा पुन्हा चुकत होतं. खूप माणसं होती, अंगाला अंग लागलेली. मी कान इतका दाबला की कडा रुतली.

"ताई?" मी भोकात म्हणाले.

खालचे सगळे आवाज थांबले.

"धाकटे," ताई म्हणाली. माझी ताई. खणखणीत, चिडलेला आवाज. "आलीस का? किती उशीर! अगं, इथं सरकायलासुद्धा जागा नाही. लवकर काढ मला."

मी उठले आणि टायवाल्याचे हात धरले. "बुजवू नका. खणा. मोठं खणा, हवं तर तुमची इमारत बांधा, दहा मजली बांधा, पण आधी इथं खणा!"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानंही काहीतरी ऐकलं असावं. इतके दिवस तो विटा ठेवत होता, उगीच नाही. "बाई," तो म्हणाला, "बोटभर जरी खणलं तरी मला आत टाकतील. तुम्हीच लिहिलंत ते. मला हे बुजवून इथून जायचंय, बस."

मी खाली बसून हातांनी माती उपसायला लागले. गवत उपटलं, नखं मोडली. कोणी मला ओढलं नाही, कोणी ओरडलं नाही. गल्लीतली माणसं फक्त जवळ आली आणि गोल करून उभी राहिली. मास्तर होते, शिंपी होता, त्याची दोन्ही मुलं होती. खालून ताई सांगत होती, अजून, अजून खण. जेमतेम बशीएवढा खड्डा झाला होता. मी एकसष्ट वर्षांची आहे. पाच मिनिटांत माझा दम संपला आणि हात उचलेनासा झाला.

तेव्हा माझ्या चेहऱ्यासमोर एक हात आला. ताईचाच हात, सुईनं टोचलेल्या बोटांचा, मनगटावर भाजल्याचा डाग असलेला. ती वाकून माझ्याकडे पाहत होती, मायेनं. डोळे तेवढे ताईचे नव्हते. ताई माझ्याकडे इतक्या मायेनं कधी बघायची नाही.

"धाकटे," ती म्हणाली, "घरी जाऊ या का?"

खालून आवाज येत होता. मला तो स्पष्ट ऐकू येत होता, हे मी कबूल करते. पण समोर दुसऱ्या मजल्यावर आमची खिडकी उघडी होती, आत दोन खोल्या होत्या, आणि हिला नाही म्हटलं तर त्या दोन खोल्यांत मी एकटी असणार होते. आज, उद्या, मरेपर्यंत. आयुष्यात एक दिवस मी ताईशिवाय राहिलेली नाही.

मी तो हात धरला. तो उबदार होता. तिनं मला अलगद उठवलं, पदरानं माझी बोटं पुसली आणि आम्ही दोघी घराकडे निघालो. मागे मिक्सर सुरू झालं तेव्हा आम्ही पहिल्या जिन्यावर होतो. मी जरा जोरात पाय आपटत चढले.